एसओपी कशी लिहायची? खेड्यातून पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी

दिवाळी झाली, कापूस वेचणी जोरात आली, की माझ्या व्हॉट्सॲपवर एसओपीच्या, म्हणजे परदेशी विद्यापीठाच्या अर्जासोबत द्यायच्या निबंधाच्या, फायली यायला लागतात. ‘दादा, एकडाव पाहून द्या ना, परवा लास्ट डेट आहे.’ फाइल न उघडताही पहिली ओळ मला पाठ असते: माझा जन्म एका लहानशा खेड्यातील गरीब शेतकरी कुटुंबात झाला.

यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मणं ही काही बातमी नव्हे. मीही दारव्हा तालुक्यातला, आमचंही साडेचार एकर कोरडवाहू वावर. माझ्या पहिल्या एसओपीची सुरुवात शब्दाला शब्द अशीच होती. त्या वर्षी पाच विद्यापीठांत अर्ज टाकले, पाचही ठिकाणांहून नकाराचे मेल आले. पुढच्या वर्षी मार्क तेच, वावर तेच, शिफारसपत्र देणारे सरही तेच. बदलली ती दोन पानं, आणि तीन ठिकाणी नंबर लागला. नशिबाचाही भाग असेल. पण आज दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचतो तेव्हा वाटतं, पहिल्या कागदावर मीही मला घेतलं नसतं.

परदेशात मास्टर्स किंवा पीएच.डी.साठी अर्ज करणारी, आणि घरात असं काही करणारी पहिलीच असलेली पोरं-पोरी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

मागितलंय काय, ते आधी वाचा

एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज. पुढे काय शिकायचंय, ते का शिकायचंय, त्या दिशेने आतापर्यंत काय केलं आणि त्यासाठी हेच विद्यापीठ का, एवढं त्यात यायला हवं. पर्सनल स्टेटमेंट म्हणजे तुम्ही कोण, कुठून आलात आणि त्या वाटेवर काय शिकलात. आता गंमत अशी की काही ठिकाणी हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ दोन वेगवेगळे निबंध मागतं, एक एसओपी आणि दुसरा पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं फक्त पर्सनल स्टेटमेंट मागतात, पण त्यांना ऐकायचं असतं ते मुख्यतः अभ्यासाबद्दलच. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीच्या अर्जात तर नेतृत्व, माणसं जोडणं, अभ्यासक्रमाची निवड आणि पुढचं करिअर असे सुटे सुटे प्रश्न असतात. (तिथे २,८०० तासांच्या कामाचा अनुभवही लागतो. अर्धा फॉर्म भरून झाल्यावर हे कळणारे दरवर्षी भेटतात.)

म्हणून वरच्या नावावर जाऊ नका. फॉर्मवरचा प्रश्न शब्दमर्यादेसकट वहीत उतरवून काढा. प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळं पान ठेवा. ५०० शब्द म्हटले असतील तर ५०० च. साडेपाचशे लिहून ‘चालून जाईल’ म्हणू नका. काही पोर्टलवर मर्यादेपुढचा मजकूर घेतलाच जात नाही, आणि तुमचा शेवट, जिथे सगळं जुळून आलेलं असतं, तोच गळून पडतो.

आणि हा विनंती अर्ज नाही. शाळेपासून आपल्याला अर्ज म्हणजे ‘मा. महोदय, सविनय सादर’ एवढंच शिकवलंय, त्यामुळे इंग्रजीतही हात आपोआप जोडले जातात. ‘कृपया मला संधी द्यावी, मी आपला आजन्म ऋणी राहीन’ या वाक्याने कुणाचाही प्रवेश झालेला नाही.

लिहू नका, आधी बोला

कोरा कागद समोर घेऊन बसलं की आपल्या तोंडून पुस्तकी भाषाच निघते. त्यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. ज्याच्याशी तुम्ही घरच्यासारखं बोलता अशा एखाद्या मित्राला व्हॉइस मेसेज पाठवा. आपल्या भाषेत, म्हणजे वऱ्हाडीत. विषय एकच: हा विषय मी काहून घेतला? पाच-सहा मिनिटं बोला, अडखळलं तरी चालेल. मग ते स्वतः ऐका आणि जसंच्या तसं मराठीत उतरवून काढा. अर्धं टाकून द्यावं लागेल. उरलेल्या अर्ध्यात तुमची एसओपी असते.

हे कसं होतं ते एका मुलीच्या कागदावर दाखवतो. मुलगी आर्णी तालुक्यातली, बी.एस्सी. संख्याशास्त्र घेऊन. तिचा पहिला परिच्छेद असा होता:

‘माझा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील एका लहानशा खेड्यातील शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासूनच मी शेतकऱ्यांच्या समस्या अत्यंत जवळून पाहिल्या आहेत. त्यामुळे संख्याशास्त्राचा उपयोग करून समाजासाठी काहीतरी करण्याची माझी तीव्र इच्छा आहे. आपल्या नामांकित विद्यापीठात शिकण्याचे माझे स्वप्न आहे.’

मी फोन केला. विचारलं, अत्यंत जवळून पाहिल्या म्हणजे नेमकं काय पाहिलं? आधी तेच पाठ केलेलं बोलली: नापिकी, कर्ज, भाव. मी म्हटलं, तू स्वतः जिथे उभी होतीस असं काहीतरी सांग. थोडा वेळ गप्प बसली आणि मग सुरू झाली.

‘दादा, आमचं सोयाबीन नेलं होतं बाबानं बाजारात, मी बी गेली होती. त्यायनं मशीन लावली, म्हणे ओलावा चवदा. भाव पाडला. बाबा म्हणे, दुसऱ्या पोत्यातलं पाहा. तं साडेबारा! एकाच वावरातलं, एकाच दिवशी काढलेलं. मले वाटलं हे मशीन खोटं बोलते का काय.’

‘मग?’

‘मंग काय, डब्यात दाणे नेले आन् तीन दुकानात मोजून आणले. तिन्हीकडं येगळं.’

मी विचारलं, हे कागदात का नाही? तर म्हणाली, ‘हे काय लिहायचं दादा, हे तं आमचं घरचं आहे.’

आपल्या सगळ्यांची अडचण नेमकी इथे आहे. जे मोठं वाटतं ते आपण लिहितो, आणि ते सगळ्यांचं सारखंच असतं. जे घरचं म्हणून सोडून देतो, ते दुसऱ्या कुणाकडे नसतं. प्रवेश ठरवणाऱ्या समितीतल्या माणसाला तुमच्या जिल्ह्याचा इतिहास नको आहे. एखादी गोष्ट खटकल्यावर तुम्ही काय करता, हे त्याला बघायचं आहे. डब्यात दाणे घेऊन तीन दुकानं हिंडणारी मुलगी संशोधन करू शकते की नाही, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

तीन आठवड्यांनी तोच परिच्छेद असा झाला (इंग्रजीतून मी मराठीत केलाय):

‘बारावीनंतरच्या ऑक्टोबरमध्ये मी वडिलांसोबत सोयाबीन विकायला गेले. एकाच शेतातल्या, एकाच दिवशी काढलेल्या दोन पोत्यांचा ओलावा यंत्राने १४ आणि १२.५ टक्के दाखवला आणि त्यावर भाव ठरला. त्या आठवड्यात तेच दाणे मी आणखी तीन ठिकाणी मोजून आणले. तीन वेगळे आकडे मिळाले. याला काय म्हणतात ते दुसऱ्या वर्षी मोजमापातल्या त्रुटींचा धडा आला तेव्हा कळलं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मी ६० नमुने दोन यंत्रांवर प्रत्येकी तीनदा मोजले. दोन्ही यंत्रं एकमेकांशी किती जुळत नाहीत हे मला दाखवता आलं. त्यातलं चूक कोणतं हे सांगता आलं नाही, कारण दाणे भट्टीत वाळवून खरा ओलावा काढण्याची सोय कॉलेजात नव्हती.’

यात गरीब हा शब्द नाही. समाजसेवा नाही, स्वप्न नाही. तरी वाचणाऱ्याला घर दिसतं, बाप दिसतो, पडलेला भाव दिसतो. आणि शेवटचं वाक्य माझ्या मते सगळ्यात भारी आहे. आपल्याला काय करता आलं नाही हे इतकं सरळ सांगणारा विद्यार्थी कुठल्याही प्राध्यापकाला हवा असतो. मुलीला तेच वाक्य काढून टाकायचं होतं. ‘कमीपणा दिसते ना दादा.’ त्यावर आमचं अर्धा तास भांडण झालं.

पुढच्या परिच्छेदात तिने एक गोष्ट स्वतः शोधून घातली. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची अट असते, आणि २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. तीन टक्क्यांसाठी सरकारला आदेश काढावा लागतो, तर यंत्रागणिक दीड टक्का इकडेतिकडे होणं किती महागात पडतं? आता तिचा घरचा प्रश्न राज्यभरातल्या सोयाबीन उत्पादकांचा झाला. ‘समाजासाठी काहीतरी करण्याची इच्छा’ हे न लिहिताच आलं.

तुमच्याकडेही असं काही असणारच. वरुड-मोर्शीच्या पोरांकडे संत्र्याचा आंबिया बहार गळण्याची गोष्ट असते. मेळघाटातल्या मुलीकडे घरी कोरकू आणि शाळेत मराठी बोलून मोठं झाल्याची. लोणारच्या आसपास राहणाऱ्याने २०२० च्या जून महिन्यात सरोवराचं पाणी गुलाबी झालेलं पाहिलेलं असतं. पण ‘पाहिलं’ एवढ्यावर थांबू नका. त्याचं पुढे काय केलं? कुणाला विचारलं, काय वाचलं, काय मोजलं? काहीच केलं नसेल तर दुसरी गोष्ट शोधा.

दुःखाचं काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि यावर माझं मत जरा कडक आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने उरलासुरला कापूस खाल्ला. त्या वर्षी दवाखान्यात नऊ दिवस बापाच्या उशाशी बसलेला एक मुलगा सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्ससाठी अर्ज करत होता. त्याच्या कागदात चार परिच्छेद दवाखानाच होता. वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण वाचून झाल्यावर त्या मुलाबद्दल मला काहीच कळलं नव्हतं, तो तिथे होता एवढंच.

बोलता बोलता त्याने सांगितलं की बाटलीवरचं लेबल एवढ्या बारीक अक्षरात होतं की बापाला चष्म्यानेही वाचता येत नव्हतं, आणि घरी औषध मोजायचं माप म्हणजे बाटलीचं झाकण. ‘पंपाला दोन झाकणं’ हा गावाचा हिशोब. पुढे त्याने गावातल्या बावीस घरी जाऊन विचारलं होतं, कोण कशाने मोजतं? ते त्याने एनएसएसच्या वहीत लिहून ठेवलं होतं आणि विसरूनही गेला होता. आम्ही दवाखाना दोन ओळींत आणला आणि झाकणाला अर्धं पान दिलं.

घरात आत्महत्या झाली असेल, तर ते लिहायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय. कुठलंही विद्यापीठ तुमच्याकडे ते मागू शकत नाही, आणि ‘हे लिहिलं की नंबर लागतो’ असं सांगणारा सल्लागार भेटला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. लिहायचंच ठरवलं तर थोडक्यात: काय झालं, त्यानंतर घरातली कोणती जबाबदारी तुमच्यावर आली आणि शिक्षणावर काय परिणाम झाला. विशेषणं नकोत. आणि ते घरात आईला वाचून दाखवता येईल असं असावं. आईसमोर वाचताना जीभ अडखळली तर ते वाक्य काढा.

‘नामांकित विद्यापीठ’ हा शब्द खोडा

इथेच का, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण स्तुतीने देतात. विद्यापीठाला स्वतःची रँक माहीत असते.

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेव्हा तिथे अर्थशास्त्राला सेलिग्मन होते, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई होते. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन आले. कुणाकडे काय शिकायला मिळेल हे तुम्हाला आज मोबाइलवर पाहता येतं. तेव्हा विभागाच्या पानावर जा. शिकवणाऱ्यांची यादी उघडा. तुमच्या प्रश्नाच्या आसपास काम करणारे दोन, फार तर तीन जण निवडा आणि प्रत्येकाचा निदान एक पेपर वाचा. सगळा कळणार नाही. सुरुवातीचा सारांश, प्रस्तावना आणि शेवटची चर्चा एवढं जरी समजलं तरी पुरे. मग लिहा, त्यातलं काय तुमच्या कामाला लागू पडतं आणि कुठे तुमचा प्रश्न वेगळा आहे. पीएच.डी.साठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. मास्टर्ससाठी प्राध्यापकांपेक्षा अभ्यासक्रमातल्या विषयांची नावं जास्त उपयोगी पडतात: अमुक पेपर मला हवा, कारण प्रकल्पात मी इथे अडकलो होतो.

गावात नेट रात्री बरं चालतं. पानं पीडीएफ करून ठेवा, दिवसा वाचा.

मांडणी

याचं फार अवडंबर माजवू नका. पहिल्या परिच्छेदात तुमची गोष्ट आणि तिच्यातून निघालेला प्रश्न. मग कॉलेजात त्या दिशेने काय केलं: प्रकल्प, इंटर्नशिप, एखादी नोकरी, गावातलं काम. यालाच सगळ्यात जास्त जागा द्या, जवळजवळ अर्धा कागद. मग पुढे काय शिकायचंय, इथेच का, आणि शेवटी दोन-तीन ओळींत शिकून झाल्यावर काय करायचा विचार आहे. मर्यादा दिली नसेल तर दोन पानांच्या पुढे जाऊ नका.

मार्कशीटवर आहे ते पुन्हा लिहू नका. दहावीला ९१ टक्के आणि तालुक्यात तिसरा, हे परदेशातल्या समितीच्या काही कामाचं नाही. एनएसएसच्या शिबिरातलं वृक्षारोपण सगळेच लिहितात. त्यातली किती झाडं पुढच्या उन्हाळ्यात जगली हे तुम्हाला माहीत असेल तर लिहा. अब्दुल कलामांचं वाक्य सुरुवातीला नको. स्वामी विवेकानंदांचंही नको. जागा तुमची आहे, ती मोठ्या माणसांना देऊ नका.

एटीकेटी आणि गॅप

लपवू नका आणि रडूही नका. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, का राहिले आणि पुढे काय झालं, एवढं दोन-तीन वाक्यांत. ‘वडिलांच्या आजारपणात एक हंगाम शेती मी केली, त्या सत्रात दोन विषय राहिले. पुढच्या चार सत्रांत एकही राहिला नाही.’ बस. हे कागदाच्या मधोमध असावं, सुरुवातीला किंवा शेवटी नको. कॉलेजचं राजकारण, पेपर तपासणाऱ्यांची चूक, विद्यापीठाचा उशिरा लागलेला निकाल, हे सगळं खरं असलं तरी तिथे तक्रारीसारखंच वाचलं जातं. निकालाच्या उशिरामुळे वर्ष वाया गेलं असेल तर तारखा द्या आणि पुढे चला.

टक्क्यांचं जीपीए (तिकडची ग्रेडची सरासरी) स्वतःच्या मनाने करू नका. मार्कशीटवर जे आहे तेच लिहा.

इंग्रजीत आणताना

कच्चा मसुदा मराठीत पक्का झाला की मगच इंग्रजी. वाक्यं छोटी ठेवा. तुम्हाला बोलताना जे इंग्रजी शब्द सुचत नाहीत ते कागदावरही आणू नका, कारण पुढे ऑनलाइन मुलाखत झाली तर तुमच्याच कागदातल्या शब्दाचा अर्थ तुम्हाला विचारला जाऊ शकतो.

वाचणारा आपल्या मुलखातला नाही हे दर ओळीला लक्षात ठेवा. लाख म्हणजे किती हे अमेरिकेतल्या प्राध्यापकाला माहीत नसतं. आकडा पूर्ण लिहा, शून्यं मोजून. क्विंटलऐवजी १०० किलो. एकर त्यांना कळतो. तालुका, ग्रामपंचायत, बाजार समिती हे शब्द वापरायचे तर पहिल्या वेळी चार शब्दांत समजवा. ‘खरीप’ लिहिलं तर पावसाळी हंगाम म्हणा. आणि विदर्भ कुठे आहे हे सांगायला अर्धा परिच्छेद घालवू नका. मध्य भारतातला कोरडवाहू कापसाचा पट्टा, एवढं पुरतं.

आता नमुन्यांबद्दल. इंटरनेटवर शेकडो तयार एसओपी पडल्यात, शहरातल्या काही कन्सल्टन्सी पैसे घेऊन तेच नमुने नाव बदलून देतात. २००७ साली ब्रिटनमध्ये पदवी प्रवेशाचे अर्ज घेणाऱ्या यूकास या संस्थेने ५०,००० पर्सनल स्टेटमेंट तपासली. त्यात २३४ जणांनी एकच आठवण लिहिली होती: आठव्या वर्षी घरी रसायनांचे प्रयोग करताना पायजम्याला भोक पाडलं आणि तिथून विज्ञानाची गोडी लागली! २३४ पायजमे. नमुना वाचायचाच तर मांडणी बघायला वाचा आणि लिहायला बसण्याच्या दोन दिवस आधी बंद करा.

चॅटजीपीटीचंही तसंच. व्याकरण तपासायला, एखादं वाक्य नीट कळतंय का हे पाहायला वापरा, तेही विद्यापीठाने मनाई केलेली नसेल तर. काहींनी याबद्दल नियम लिहून ठेवलेत, ते वाचा. पण त्याला ‘माझी एसओपी लिहून दे’ म्हटलं की ते गुळगुळीत काहीतरी देतं. मागच्या महिन्यात तीन वेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या तीन फायलींमध्ये एकच वाक्य होतं, शेतीच्या मातीने जिद्द शिकवल्याचं. तिघंही एकमेकांना ओळखत नव्हते.

शिफारसपत्र, जाता जाता

सर म्हणणार, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ हे सगळीकडे होतं, पण त्यात तुमचं नुकसान आहे: एसओपी आणि पत्र एकाच हातचं असल्याचं वाचणाऱ्याला लगेच कळतं. सरांना वेळ नसेल तर पत्राऐवजी मुद्द्यांचा एक कागद द्या, कोणता प्रकल्प केला, कोणत्या वर्षी, त्यांनी स्वतः काय पाहिलं. वाक्यं त्यांची असू द्या. बऱ्याच पोर्टलवर पत्र सरांच्या मेलवर येणाऱ्या लिंकमधून जातं, आणि काहींना कॉलेजचा मेल लागतो, जीमेल चालत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत सरांचा तसा मेल कधी उघडलेलाच नसतो. हे काम दोन महिने आधी सुरू करा.

वाचून घेणं आणि पाठवणं

तीन जणांना दाखवा. एक तुमच्या विषयातला, एक विषयाबाहेरचा आणि एक तुम्हाला शाळेपासून ओळखणारा. तिसऱ्याला एकच विचारा: हा मीच वाटतो का? दहा जणांना दाखवू नका, दहा सल्ले येतात आणि कागदाची गोधडी होते. मग एकदा मोठ्याने वाचा. दम लागला ते वाक्य लांब आहे.

मी माझी पहिली एसओपी तालुक्याच्या ठिकाणी एका झेरॉक्सच्या दुकानात टाइप केली आणि फाइल तिथेच डेस्कटॉपवर राहिली. सहा महिन्यांनी ती मलाच ‘चांगला नमुना’ म्हणून कुणीतरी पाठवली, माझ्या गावाच्या नावासकट. दुकानवाल्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला वाटलं पोरांच्या कामी येईल. तेव्हा बाहेर टाइप करत असाल तर फाइल स्वतःला मेल करा, तिथली पुसा, कचऱ्याच्या डब्यातूनही पुसा आणि मेलमधून लॉगआउट करा.

पाठवण्याआधी विद्यापीठाचं नाव तीनदा तपासा. एका विद्यापीठाचा कागद दुसऱ्याला जाणं ही सगळ्यात सामान्य चूक आहे, आणि तिला औषध नाही. फाइलचं नाव ‘फायनल फायनल २’ नको, तुमचं नाव आणि एसओपी एवढंच. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच कागदावर. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, तिथे बहुतेकांचा गोंधळ होतो.

तारखांचं गणित आधीच मांडा. अमेरिकेतल्या बऱ्याच पीएच.डी. अर्जांची मुदत १ डिसेंबर ते १५ जानेवारीच्या आसपास संपते. म्हणजे पहिला व्हॉइस मेसेज पोळ्याच्या सुमारास व्हायला हवा, वेचणीच्या घाईत नाही. अर्जाची फी परवडत नसेल तर माफीसाठीही वेगळा मेल करावा लागतो, तो मुदतीच्या कितीतरी आधी. सरकारी परदेश शिष्यवृत्तीचा विचार असेल, उदाहरणार्थ राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, तर तिथे विद्यापीठाचं ऑफर लेटर लागतं, त्यामुळे प्रवेशाचं काम आधी उरका आणि जात-उत्पन्नाचे दाखले सेतू केंद्रातून दरम्यानच्या काळात काढून ठेवा.

मुदतीची वेळ कुठल्या घड्याळाची आहे तेही बघा. न्यूयॉर्कच्या वेळेने १५ डिसेंबरची रात्री ११:५९ म्हणजे आपली १६ तारखेची सकाळ, १० वाजून २९ मिनिटं. पण त्या सकाळवर विसंबू नका. आमच्या फीडरची लाइन नेमकी सकाळी आठला जाते आणि कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही. दोन दिवस आधी, रात्री, मोबाइल पूर्ण चार्ज करून हॉटस्पॉटवर सबमिट करा. ‘सबमिटेड’ असं दिसलं की त्याचा स्क्रीनशॉट घ्या, मेल आला का पाहा, आणि शिफारसपत्रं पोहोचली का ते दुसऱ्या दिवशी पोर्टलवर पुन्हा उघडून बघा. एखाद्या सरांचं राहिलेलं असेल तर मेल पाठवून थांबू नका, घरी जाऊन भेटा.